पॅराग्लायडिंग शिकायचंय: आधी जुना संच घेऊ की आधी कोर्स करू?

मावळवाट विचारतात:

नमस्कार मंडळी. पॅराग्लायडिंग छंद म्हणून रीतसर शिकायचं आहे, टँडमला (वैमानिकाबरोबर जोडीने) पुढे बसून फिरून येण्यापुरतं नाही. राहायला चिंचवडला, त्यामुळे पॅराग्लायडिंग शिकवणारं कामशेत जवळ पडतं. वय ३४, वजन ६८ किलो, गुडघे-कंबर ठणठणीत.

एक जुना संच विकाऊ आहे. २०१३ सालचा ईएन-बी (युरोपीय सुरक्षा चाचणीत बी वर्ग मिळालेला) ग्लायडर, वजनाची रेंज ८५ ते १०५, साधारण १८० तास उडालेला. सोबत त्याच वेळचे हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा साज) आणि रिझर्व्ह (संकटात फेकायचं जादा पॅराशूट). विकणारे म्हणतात कापड उत्तम आहे, आणि किंमत नव्याच्या पाव भागाइतकी. घ्यावा का? माझं वजन ६८ असताना ८५-१०५ म्हणजे नेमकं काय समजायचं? दुसरं, हँग ग्लायडिंगचीही ओढ आहे. सुरुवात त्यानेच केली तर? आणि कोर्सच्या पहिल्या चार-पाच दिवसांत काय करून घेतात तेही कळलं तर तयारीने जाता येईल.

---

धारेवरचा वारा

आधी कोर्स. संचाचं कोर्स संपत आल्यावर बघू. आणि हा संच तर नकोच. कारणं सविस्तर देतो, म्हणजे पुढचा एखादा समोर आला की तुमचा तुम्हाला पारखता येईल.

ग्लायडरवर छापलेली रेंज शरीराच्या वजनाची नसते, हवेत जाणाऱ्या एकूण वजनाची असते. तुमचा हिशेब मांडू: तुम्ही ६८, कपडे-बूट-हेल्मेट ३, ग्लायडर ५, हार्नेस साडेचार, रिझर्व्ह दीड, रेडिओ-पाणी वगैरे २. झाले ८४. म्हणजे ८५-१०५ च्या तळालाही तुम्ही पोहोचत नाही. वजन कमी पडलं की पंखातला ताण कमी राहतो. मग तो वळायला सुस्त होतो, समोरच्या वाऱ्यात जागचा हलत नाही, आणि हवा खवळली की मिटायला आधी तयार असतो. तुम्हाला ७०-९० च्या आसपासची रेंज शोधावी लागेल. तिच्या वरच्या अर्ध्यात बसलात तर उत्तम. सगळं अंगावर चढवून, ग्लायडरची पिशवी पाठीला लावून एकदा काट्यावर उभे राहा. मनातल्या मनात केलेली बेरीज दोन-तीन किलोंनी चुकतेच.

आता वय. १८० तास हे उडण्याचे. टेकऑफवर वाऱ्याची वाट बघत उन्हात पसरून ठेवलेले तास त्यात कोणी धरत नाही, आणि नायलॉनचं कापड मुख्यतः उन्हानेच मरतं. डोळ्यांना ते छान दिसतं, रंगही टिकलेला असतो, पण वरचा लेप गेला की कापडातून हवा झिरपू लागते. हे हाताने चोळून कळत नाही. पोरोसिटीमीटर नावाचं छोटं यंत्र कापडाला लावतात आणि ठरावीक हवा आरपार जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. आकडा दहा-पंधरावर आला की ते कापड बाद. मोजायचं ते मधल्या भागात, वरच्या कापडावर, पुढच्या कडेपासून वीतभर मागे, कारण झीज तिथे जास्त होते.

कापडापेक्षाही फसवी गोष्ट दोऱ्यांची. डायनिमा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या वापराने आखडतात. पुढच्या ए आणि बी दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून त्या ताणून जागेवर राहतात. मागच्या सी आणि ब्रेकच्या (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या) दोऱ्यांवर भार कमी, म्हणून त्या हळूहळू तोकड्या होतात. परिणाम असा, की ब्रेक न ओढताही पंख थोडा ओढल्यासारखाच उडतो. जमिनीवर याची खूण म्हणजे फुगवताना पंख डोक्यावर न येता मागेच रेंगाळतो. हवेत हीच सवय डीप स्टॉलपर्यंत नेऊ शकते: पंख वर फुगलेला दिसतोय, पण पुढे जात नाही, सरळ खाली बसतोय. झिरपणारं कापड आणि आखडलेल्या दोऱ्या एकत्र आल्या तर धोका दुप्पट नाही, त्याहून जास्त.

रिझर्व्हला बहुतेक उत्पादक दहा-बारा वर्षांचं आयुष्य देतात. त्यामुळे २०१३ चं रिझर्व्ह फुकट मिळालं तरी वापरायचं नाही.

कोर्सला शाळेचाच संच मिळतो, त्यात तुमच्या वजनाचा ईएन-ए असतो. ईएनच्या चाचणीत ए पासून डी पर्यंत वर्ग आहेत. ए म्हणजे मिटला तर फारशी मदत न लागता आपणहून उघडणारा, डी म्हणजे स्पर्धेच्या वैमानिकाचा. बी हा वर्ग फार रुंद आहे. त्याच्या खालच्या टोकाचा ग्लायडर कोर्स झालेल्या माणसाला चालतो, वरच्या टोकाचा जवळजवळ सी सारखा वागतो. नुसतं 'बी आहे' एवढ्यावर पैसे मोजू नका.

---

त्रिकोणी पंख

हँग ग्लायडिंगबद्दल मी लिहितो, कारण आपल्याकडे त्याबद्दल बोलणारे कमी.

पंखाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, त्यामुळे पॅराग्लायडरसारखा तो मिटत नाही. आडवं झोपून उडायचं, समोरच्या त्रिकोणी दांड्याला धरून. दांडा स्वतःकडे ओढला की वेग वाढतो, ढकलला की कमी होतो, शरीर डावीकडे सरकवलं की पंख डावीकडे. वारा जास्त असला तरी पुढे जायची ताकद त्याच्याकडे पॅराग्लायडरपेक्षा कितीतरी अधिक.

पण व्यवहार बघा. शिकाऊ पंखसुद्धा पंचवीसेक किलोचा. घडी केल्यावर पाच-साडेपाच मीटर लांब, म्हणजे गाडीच्या टपावर मजबूत रॅक आणि टेकऑफपर्यंत गाडीरस्ता हवाच. जोडायला अर्धा तास, सोडवायला तेवढाच. उतरायला लांब, मोकळं, सपाट रान लागतं, कारण तो जमिनीजवळ बरंच अंतर सरकत राहतो आणि नाक वर ढकलण्याची वेळ सेकंदभर चुकली की दांडा मातीत रुततो. मावळातल्या बांधाबांधाच्या खाचरांत हे सोपं नाही. नियमित शिकवणारे आपल्या राज्यात फार थोडे, आणि दर आठवड्याला चुका सुधारणारा माणूस जवळ नसेल तर हे एकट्याने शिकायचं काम नव्हे. आधी पॅराग्लायडिंगमधून वारा वाचायला शिका. ते ज्ञान दोन्हीकडे चालतं.

हँग ग्लायडिंगमधली सर्वांत घातक चूक मात्र अगदी साधी आहे: हार्नेस पंखाला अडकवायचा राहून जाणं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनजवळ टँडमचा प्रवासी असाच न अडकवता हवेत गेला आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ हाताच्या पकडीवर लोंबकळत राहिला. वाचला, पण कित्येक जण वाचलेले नाहीत. म्हणून उड्डाणाआधी झोपून, पूर्ण वजन टाकून बघायचं, आणि पहिलं पाऊल उचलण्याच्या क्षणी पट्टा ताणलेला आहे का ते पुन्हा बघायचं. मध्ये काही कारणाने हार्नेस सोडला तर सगळं पहिल्यापासून.

---

मावळवाट

दोघांचेही मनापासून आभार. संच सोडून दिला, हँग ग्लायडिंगही सध्या बाजूला. आता पहिल्या दिवसांबद्दल कोणी लिहाल का? माळावर पंख सतत एका अंगाला पडतो असं शिकणारे म्हणतात, ते का होतं?

---

वातकुक्कुट

पहिले दोन दिवस पाय जमिनीवरच राहतील, त्याने हिरमुसू नका. ग्राउंड हँडलिंग म्हणजेच निम्मं पॅराग्लायडिंग. सपाट माळावर तासन्‌तास पंख डोक्यावर धरता आला की टेकऑफ आपोआप जमतो. ते न करता डोंगरावर गेलेला माणूस दर खेपेस नशिबावर उडतो.

आधी पुढे तोंड करून करायचा लाँच. आपण वाऱ्याकडे तोंड करून, पंख पाठीमागे घोड्याच्या नालेच्या आकारात पसरायचा, दोन्ही टोकं मधल्यापेक्षा थोडी पुढे. म्हणजे मधला भाग आधी फुगतो. दोऱ्या एकेक बाजू उचलून बघायच्या: काटकी, गवत, गाठ काही नाही. मग हार्नेस अडकवायचा. ए रायझर (ए दोऱ्या जिथे जमतात ते पट्टे) हातांच्या बेचक्यात, ब्रेकची हँडलं मुठीत, हात खांद्याच्या उंचीला मागे. एक पाऊल पुढे टाकून दोऱ्या ताणल्या की छाती पुढे झोकून चालायला लागायचं. ओढ छातीने द्यायची, हातांनी नाही. हातांनी ए रायझर खाली खेचले की पंखाची पुढची कड दुमडते आणि तो फुगतच नाही. हात फक्त पंखाबरोबर वर येतात.

पंख डोक्यावर आला की ए सोडायचे, किंचित ब्रेक लावून त्याला पुढे पडण्यापासून थांबवायचं आणि वर बघायचं. सरळ आहे, पूर्ण उघडा आहे, दोऱ्या मोकळ्या आहेत? तरच धावायचं. नसेल तर ब्रेक पूर्ण ओढून थांबायचं. थांबणं हे अपयश नाही, हे प्रशिक्षक शंभरदा सांगतील आणि ते खरंच आहे.

धावताना चुकणारी गोष्ट एकच: पाय हलके झाले की माणूस खाली बसतो. पंख अजून पूर्ण भार घ्यायला तयार नसतो, तो खाली येतो आणि माकडहाड दगडावर. पाय हवेत सायकल मारू लागेपर्यंत धावत राहायचं. आकडा लक्षात ठेवा: पंख उचलायला साधारण २५ ते ३० किमी वेगाची हवा लागते. समोरून १५ चा वारा असेल तर तुम्हाला जेमतेम १०-१५ ने धावायचंय. वारा शून्य असेल तर सगळा वेग पायांचा. मागून ५ चा जरी असला तरी तीस-पस्तीसने धावावं लागेल, उतारावर, पंख पाठीशी घेऊन. ते कोणालाही जमत नाही, म्हणून मागच्या वाऱ्यात टेकऑफ नाही. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लटकलेला आहे की उलटा फिरलाय, यात फरक आहे.

पंख एका अंगाला का पडतो? कारण तुम्ही त्याच्या मध्याखाली नसता. शिकणारा जागेवर उभा राहून ब्रेकने सुधारायला जातो, तेही घाबरून खाली पडणाऱ्या बाजूचाच ब्रेक ओढतो, आणि ती बाजू आणखी बसते. उपाय पायात आहे. पंख ज्या बाजूला झुकतोय त्या बाजूला भराभर पावलं टाकून त्याच्या खाली जा, आणि ब्रेक लावायचाच असेल तर वर राहिलेल्या बाजूला, तोही थोडा. आधी पाय, मग हात.

वारा १२ च्या वर गेला की पंखाकडे तोंड करून लाँच शिकवतात. तो जास्त सुरक्षित, कारण पंख उठताना डोळ्यांसमोर असतो. गोंधळ होतो तो वळण्याच्या बाजूचा. एकच बाजू कायमची ठरवा. उलट्या बाजूने वळलात तर रायझरना पीळ पडतो आणि तसेच हवेत गेलात तर ब्रेक अडकतात.

एक बारकावा: हात पूर्ण वर असताना ब्रेकच्या दोरीत पाच-दहा सेंटीमीटर ढील दिसली पाहिजे, मागची कड जराही ओढलेली नको. शाळेच्या ग्लायडरवरही हे स्वतः बघायची सवय लावून घ्या.

---

धारेवरचा वारा

वर उत्तम लिहिलंय. मी कामशेतच्या वाऱ्याची भर घालतो.

हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा पूर्वेच्या अंगाने आणि नरम. दुपारनंतर कोकणातून घाट चढून खारे वारे येतात, म्हणून संध्याकाळचं उडणं पश्चिमेला तोंड असलेल्या धारेवर. शाळा एकाच दिवसात डोंगर बदलतात ते यासाठी. शिकणाऱ्यासाठी सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन. मधल्या वेळात थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) उठतात, फेब्रुवारीपासून तर जोरदार. तो वेळ झाडाखाली बसून हवामान शिकायचा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० चा २० झाला की जोर दुप्पट नाही, चौपट. नवशिक्याला ८ ते १८ मानवतो, २० च्या पुढे पिशवी उघडू नये. पण सरासरीपेक्षा झोत महत्त्वाचा. वारामापक पाच मिनिटं धरा: १२ ते १५ मध्येच खेळत असेल तर चांगलं, ८ वरून २० आणि पुन्हा १० असं करत असेल तर सरासरी १३ असली तरी खाली उतरा. ईएन-ए ग्लायडरचा साधा वेग ३६ ते ३९ किमी. धारेच्या माथ्यावर वारा दाबला जाऊन वाढतो आणि तेवढा झाला तर तुम्ही जागेवर टांगलेले, त्याहून वाढला तर उलटे मागे जाणार. मागे म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, जिथे हवा भोवऱ्यासारखी फिरते. तिथे कोणताच वर्ग वाचवत नाही.

एप्रिल-मे मध्ये दुपारी ढग गोबीसारखे वर चढू लागले की वळवाची चिन्हं. पाऊस दूर, पार क्षितिजावर पडतोय असं दिसलं तरी त्याचा गार झोत मैलोन्‌मैल पुढे धावत येतो. पंख गुंडाळा.

धारेवर दोघं समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा हक्क. दुसऱ्याने बाहेर, दरीकडे व्हायचं. आणि वळण नेहमी डोंगरापासून लांब. पवना धरणाच्या पाण्यावर उंची संपवू नका. हार्नेसची एअरबॅग किंवा फोम तरंगतो आणि माणसाला पालथं पाडतो.

---

दोरीगाठ

हार्नेस आणि निगेबद्दल.

पायांचे पट्टे सर्वांत आधी लावा, छातीचा नंतर. बरेच नवे हार्नेस असे बनवतात की छातीचा पट्टा लावला की पायही अडकतात. तरी हाताने चाचपायचंच. पायांचे पट्टे न लावता उडालेला माणूस काखांवर लटकतो आणि ब्रेककडे हात जात नाहीत. माणूस बोलता बोलता तयार होतो तेव्हा हे घडतं. तयार होणाऱ्याशी गप्पा मारू नका.

रिझर्व्हची पिन आणि हँडल प्रत्येक उड्डाणाआधी बघायचं. हवेत बसल्यावर न बघता हँडलला हात लावून यायचा, दरवेळी. फेकायची वेळ आली तर: बघा, पकडा, ओढा, मोकळ्या हवेत जोरात भिरकावा, मग मुख्य पंख दोऱ्या ओढून गोळा करा, नाहीतर दोघे एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. ईएन १२४९१ या युरोपीय मानकाप्रमाणे रिझर्व्हखाली सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंत वेगाने खाली येणं मान्य आहे. ते तुमच्या एकूण वजनाला पुरेल एवढंच मोठं हवं. घडी सहा ते बारा महिन्यांनी नव्याने घालायची. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यानंतर तर नक्कीच, कारण दमटपणाने कापड कापडाला चिकटतं आणि उघडायला वेळ लागतो. ॲल्युमिनियमचे कराबिनर (हार्नेस पंखाला जोडणाऱ्या कड्या) साधारण पाच वर्षांनी बदला. त्यांचा थकवा बाहेरून दिसत नाही.

आता सह्याद्रीची खास डोकेदुखी. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं. दोरीच्या वेष्टणात शिरलेलं कुसळ तसंच ओढलं तर धागा उसवतो. ते शिरलं त्याच दिशेने, नखाने पुढे ढकलून काढायचं. नाकतोडे तर पंखाच्या तोंडातून कप्प्यांत शिरतात. तसाच गुंडाळला तर घडीत चिरडून डाग पडतो, जिवंत राहिला तर रात्रीतून कापडाला बटणाएवढं भोक. गुंडाळण्याआधी मागची कड धरून झटका, कप्पे वाजले पाहिजेत. वणव्याने काळ्या पडलेल्या माळावर पंख पसरू नका, काजळी धुऊन निघत नाही. साबण, इस्त्री, वॉशिंग मशीन कधीच नाही. साधं पाणी आणि मऊ स्पंज. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवणं म्हणजे कापडाचं आयुष्य हाताने कापणं.

---

मावळवाट

वही भरत आली. शेवटचं एक: उतरताना काय चुकतं? आणि शेतात उतरलो तर?

---

वातकुक्कुट

चुकतं ते घाईत. जमीन जवळ दिसली की माणूस वीस मीटरवरच ब्रेक ओढून धरतो. जमिनीलगत वारा कमी होत जातो. आधीच मंदावलेला पंख त्या थरात शिरला की उरलेला वेगही जातो आणि शेवटचे तीन मीटर दगडासारखे. वाऱ्याकडे तोंड करून, हात वर, पूर्ण वेगाने यायचं. पाय हार्नेसमधून बाहेर काढून उभं राहायचं, आणि मीटर-दीड मीटरवर दोन्ही ब्रेक सलग मांडीपर्यंत. दुसरी चूक म्हणजे खाली येऊन केलेलं वळण. तीस मीटरच्या खाली मोठं वळण नाही, समोर बांध आला तरी. वळताना पडण्यापेक्षा बांधावर सरळ धडकून घसरलेलं परवडतं. विजेच्या तारा मात्र दुरूनच टाळायच्या. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चाला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाचरांत भात उभा असतो. उभ्या पिकात उतरायचं नाही, कापणी झालेलं किंवा पडीक रान आधीच वरून हेरून ठेवायचं. चुकून उतरलातच तर पंख ओढत नेऊ नका, जागेवरच गोळा करून डोक्यावर घ्या, आलात त्याच वाटेने बाहेर पडा, आणि शेतकरी दादांना स्वतः जाऊन भेटा, नुकसान झालं असेल तर भरून द्या. तिथे शिकायला मिळतं ते त्या गावांनी उतरू दिलं म्हणून.

पहिल्या दिवशी घोट्यावर येणारे बूट, पूर्ण बाह्या, हातमोजे, टोपी आणि दोन लिटर पाणी. सकाळी सहाला माळावर हजर राहा. वारा सूर्योदयानंतर दोन-तीन तासच नरम असतो.